तांडेलासकट आठ

नलू : सरका जरा, भाऊजी. बुवांच्या पायाशी बसते मी. वीतभर जागा पुरे.

पुंडलिक : जागा हाय, वयनी. माणसं भरली.

नलू : भरली कशी? उमरोळीचे बुवा, मृदंगवाले चिंतूकाका, टाळकरी पाच. सात झाले. होडीवर आठ लिवलंय, मला वाचता येतं.

पुंडलिक : त्याच्याखाली बारीक लिवलंय, तेबी वाचा.

नलू : 'तांडेलासकट'... अवो, होडी हाकनाऱ्या तांडेलाला कोण मोजतं? तुमच्या बापानं मोजला कधी? आजानं?

पुंडलिक : दुसऱ्या फेरीला नेतो. अर्ध्या तासात आलो.

नलू : आज वर्ष झालं ह्यांना जाऊन. पलीकडच्या देवळात कीर्तन ह्यांच्यासाठी, आन मीच या काठाला बसू? नमन चुकंल माझं.

पुंडलिक : बुवांना सांगून ठेवलंय. तुमी आल्याबिगर वीणा गळ्यात घालनार नायत.

नलू : एवढं काय त्या बंदरावरच्या साहेबाला भ्यायचं? तो काय खाडीत उभा हाय?

पुंडलिक : साहेबाला नाय भीत. इकडं धक्क्यावर या. बुवांपुढं नको.

(नलू होडीतून उतरते.)

पुंडलिक : दादाची होडी पालथी झाली, तवा मी हितंच उभा होतो.

नलू : ठाऊक हाय.

पुंडलिक : समदं नाय ठाऊक. मदतीला बोटी निघाल्या. पुढल्या बोटीतनं भिका वरडला, "माणसं किती?" मी म्हनलो, "आठ."

नलू : आठच होती की. बोईसरची पावनी.

पुंडलिक : आठ जाकिटं, आठ पावनी. आठी वर काढली, मोजली, आन बोटी वळल्या. समदे पांडुरंग पांडुरंग करीत हात जोडत होते. मीपन.

नलू : मी धावत आले. इचारलं, आमचे हे कुठं?

पुंडलिक : तवा उमगलं. दादाला मी मोजलंच नव्हतं. बोटी परत फिरल्या, तवर...

नलू : वर्षभर बोलला नायत.

पुंडलिक : देवापुढं रोज बोललो. तुमच्यापुढं तोंड नव्हतं, वयनी.

नलू : ...ते सुकाणूला टांगलेलं जाकीट कुनाचं?

पुंडलिक : माझं. मानेला काचतं. आन खाडीत जल्मलेल्या माणसाला—

नलू : अंगात घाला. बंद बांधा. खालचाबी.

पुंडलिक : बांधला.

नलू : जावा, बसा जाग्यावर. हितनं मोजते मी. बुवा, एक. चिंतूकाका, दोन... थांबा.

पुंडलिक : काय झालं?

नलू : सुरुवात चुकली. भाऊजी, एक.