मांडीवरचा थर्मास

शिरपूर-धुळे एस.टी.त नेत्रदानाचं काम करणारा चुडामण मांडीवरचा थर्मास दोन्ही हातांनी धरून बसला होता. आत बर्फावर ठेवलेले डोळे होते. पुढच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची सून बेबाबाई दानाचे डोळे विकल्याच्या बातमीवर बोलत होते.

"पेपरमा उनं ना, बेबा? दान म्हनीसन लेयेल डोया इकी टाकात."

"आत्याबाईस्नी तं नेत्रदान कबूल करेल शे, आबा," सासूबद्दल बेबाबाई म्हणाली.

"आते डोया देवाना नहीत. बठ्ठा चोर शेतस, एक बी खरा नही."

"बठ्ठाच कशा चोर व्हतीन?"

"मंग कोनवर भरोसा ठेवाना?"

चुडामणने थर्मास आणखी जवळ ओढला. तेवढ्यात बेबाबाई मागे वळली.

"भाऊ, आबास्ले घोटभर पानी देतस का?"

"पाणी नाही, अक्का."

"मंग काय शे त्यामा?"

चहा आहे म्हणावं, असं अगदी जिभेवर आलं.

"डोळे आहेत. आज शिरपुरात वारलेल्या एका आजींचे. धुळ्याच्या दवाखान्यात पोचवायचेत."

धुळ्याला म्हातारा त्याच्या मागोमाग उतरला.

"मी संगे येस. तू देस का इकस, ते देखस."

"चला आबा," चुडामण म्हणाला. "फक्त जरा भरभर पाय उचला."