दोन्ही बाजूंचं कुंकू

ऑनलाइन जुनं नाणं कसं घ्यायचं ते मला विचारा की! आमचा लक्ष्मीपूजनातला चांदीचा रुपया चोरीला गेला, तेव्हा तसलाच मिळवायचा असा मी हट्टच धरला. एकानं फोटो टाकला. म्हणाला, "साहेब, पणजोबांपासून पूजेत हाय."

म्हटलं, "मग अक्षरांत कुंकवाचा कण कसा न्हाय?"

"कालच धुतलाय की! धुवायच्या आधीचे फोटो टाकतो."

तासाभरानं फोटो आले. रुपया दोन्ही बाजूंनी लालभडक.

मी म्हटलं, "पूजेत रुपया पाटावर असतो. खालच्या बाजूला कुंकू लावायला पणजोबा पाटाखाली शिरले होते व्हय?"

त्यानं ब्लॉकच केलं मला. करू दे. यंदा पाटावर सुपारी ठेवीन, पण खोट्या रुपयाला हात जोडणार न्हाय!