सरांच्या गाडीचा तिसरा गिअर

लातुरात गल्लोगल्ली क्लासेस उघडले तेव्हाची गोष्ट. मी एका क्लासात फिजिक्स शिकवायचो. आमच्या मालक सरांनी हैदराबादेतून कुण्या नवाबाची जुनी विलायती गाडी आणली, आपोआप गिअर बदलणारी. पण ती दुसऱ्या गिअरच्या वर जाईचना, नुसती बोंबलायची.

सरांनी नांदेडहून गफूर मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी तेल तपासलं आणि ते सरांच्या बाजूला बसले. मी मागं. बार्शी रोडला लागल्यावर मिस्त्री म्हणाले, "सर, गाडीत काही खराबी न्हाई. तुम्हीच अ‍ॅक्सिलेटर तळाला टेकेपर्यंत दाबून राहिले. एवढं दाबल्यावर ती खालच्याच गिअरला अडकते. जरा ढील द्या, आपोआप वर जाईल."

सरांनी पाय सैल केला. गाडी गुमान तिसऱ्यात गेली.

पोरांची रविवारची टेस्ट बंद करा म्हणून मी वर्षभर सरांच्या मागं लागलो होतो. मौका बघून म्हणालो, "सर, पोरांनाबी तेवढी ढील द्या की. रविवार तरी सोडा."

सर आरशातून माझ्याकडं बघत शांतपणे म्हणाले, "गाडी जुनी हाय हो, जपावं लागतं. पोरं काय, दरवर्षी नवी येतात."