तुरटी धुवून टाकायची असती

आमचं गाव परभणीकडं, तिथंच जन्मलो, वाढलो, आन् इकडं चाकणला येऊन आता वीस वर्षं व्हत आली. लहानपणी तोंड चांगलं व्हतं माझं, आई कौतुकानं गालावरनं हात फिरवायची. सोळाव्या वर्षी पुटकुळ्या सुरू झाल्या आन् काय सांगू तुम्हाला, गालावर बोट टेकवायला जागा न्हवती, मी आरसा घेऊन बसायचो आन् एकेक फोडायचो, कुणी मनलंच न्हाई की बाबा फोडू नको मनून. पुटकुळ्या गेल्या, खड्डे राहिले. मग दाढी राखली, दाढीत सगळं झाकून गेलं, चार वर्षं लई मजेत काढली बगा मी.

इकडं आलो तर काम लागलं कंपनीच्या पेंट शॉपमधी. तिथं नाकातोंडावर रबरी मास्क असतो, आन् दाढी असली की मास्क गालाला चिकटत न्हाई, रंगाची वाफ आत जाती. सुपरवायझर पहिल्याच दिवशी मनला, भाऊ, दाढी काढून ये, न्हाईतर दुसरीकडं बघ. काढली. तवापासून रोज, शिफ्टच्या आधी, चुकवायची सोय न्हाई.

आन् दाढीची मला रीत ठाऊक एकच, वडलांची. वाटीत साबण, ब्रश, ब्लेड, आन् शेवटी तुरटीचा खडा. वडील मनायचे, तुरटीनं कातडी आवळती. आता माझं डोकं बगा, मला वाटलं, आवळती तर खड्डे बी मिटत जातील हळूहळू. मनून एकदा न्हाई, तीन-तीनदा फिरवायचो, धुवायचो न्हाई, गालावर तशीच वाळू द्यायचो, वरनं ते झोंबणारं लोशन मारायचो. खड्ड्याच्या काठाला ब्लेड अडकायचं, रगत यायचं, त्याच्यावर परत तुरटी. आग व्हायची तर मी खूश, मनायचो, लागू पडतंय. आन् त्याच गालावर आठ तास रबर आन् घाम. अशी कितीतरी वर्षं केली मी, शाना माणूस!

बहिणीनं एक स्थळ आणलतं, मुलगी दापोडीला तिच्या मामाकडं राहायची. बघायला जायचं मनून त्या सकाळी मी दोनदा दाढी केली, एकदा सुलट, एकदा उलट, तुरटी तर इतकी घासली की खडा अर्धा झाला. तिथं जाऊन बसलो तवा तोंड लालभडक, खड्ड्याखड्ड्यात पांढरी भुकटी वाळलेली. मामा बहिणीला बाजूला नेऊन विचारतोय, काही रोग हाय का मनून, मला ऐकू येत व्हतं. ती पोरगी पोहे ठेवताना थांबली, हळूच मनली, आग व्हतीय का, तोंड धुवायला पाणी देऊ? मी मनलो, न्हाई न्हाई, काही न्हाई. नकार आला. बहिणीला मनलो, आता मला कुठं नेऊ नको. तिनं बी नंतर नाद सोडला.

त्याच्यानंतर आई गेली. बहीण नांदेडला, सणासुदीला फोन करती. कामावर सगळ्यांची तोंडं मास्कात, बोलणं खुणांनीच. खोलीवर यायचं, भात टाकायचा, झोपायचं. एकटं वाटतं, लई वाटतं, आता लाजायचं कशाला.

दोन वर्षांमागं मनगट मुरगळलं, ब्लेड धरवेना, मनून पहिल्यांदा सलूनमधी गेलो. एरवी जात न्हवतो, मागं-पुढं आरसे, बाकड्यावर माणसं; डोक्याचे केस बी खोलीवरच मशीननं उतरवायचो. पर आमची सुट्टी गुरुवारी, आन् गुरुवारी बरेच जण दाढी करत न्हाईत, दुकान रिकामं. दुकानवाले अण्णा, इथलेच, वय झालेले. त्यांनी गालावर बोट फिरवलं आन् विचारलं, ह्याच्यावर काय काय घालता वो तुमी? सांगितलं सगळं. हसले न्हाईत. मनले, तुरटी रगत थांबवायला हाय, खड्डं भरायला न्हाई. फिरवायची, जरा थांबायचं आन् पाण्यानं धुवून टाकायची. ठेवली की कातडी कोरडी पडती, ओढ बसती, मंग खड्डं जास्तीच उठून दिसत्यात. गरम पाण्याचा फडका धरा आधी, केसाच्या रोखानं ब्लेड चालवा, आन् ते लोशन टाकून द्या. मी विचारलं, आन् खड्डे? मनले, ते हायत तसंच ऱ्हाणार. मग दोन बोटांनी गाल ताणून धरला आन् वस्तरा चालवला, अगदी हळू. माझ्या डोळ्यात पाणी आलं. लागलं का, मनले. मनलो, साबण गेला डोळ्यात.

दोन महिन्यात आग थांबली, लाली गेली. खड्डे हायतच. पर ती दापोडीची पोरगी आठवती हो. पाणी देऊ का मनलती. तेवढंच करायचं व्हतं.

आता मनगट बरं हाय, रोजची दाढी मीच करतो, सफाईनं करतो. मागं अण्णा मनले, तुमचा हात बसलाय की आता, सुट्टीचं हितवर कशाला येता, घरीच उरका. मी मनलो, हनुवटीखाली न्हाई हो जमत. खोटं हाय ते. गुरुवारी सकाळी मी हनुवटीखाली एक पट्टा मुद्दाम ठेवतो, हे बगा राहिलं, मनून दाखवायला. कारण आठवड्यात माझ्या तोंडाला दुसऱ्या माणसाचा हात लागतो तो तेवढाच. ह्या गुरुवारी अण्णांनी त्या पट्ट्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आन् फडका गरम पाण्यात बुडवला. देव त्यांचा हात असाच थिर ठेवो, मी जगेन त्याच्यापेक्षा एक वर्ष जास्त.