नववा ड्रॅगन

घशाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर चौदावा होता. मागच्या बाकावर ड्रॅगन मारणाऱ्या वीराच्या गोष्टी गाणाऱ्या एका बँडचा गायक आणि त्याचा ड्रमवाला बसले होते.

"नव्या अल्बममध्ये ड्रॅगन मरणार नाही," गायक म्हणाला.

"डोकं फिरलंय का? आठ अल्बम झाले. प्रत्येकात तिसऱ्या गाण्यात तलवार सापडते, पाचव्यात सगळे पिऊन तर्र, शेवटच्यात व्हायोलिनचा ताफा, कोरस आणि ड्रॅगन खलास. लोक त्यासाठीच येतात."

"लोकांना पाठ झालंय. विनोदाच्या आधीच हसतात."

"हसतात ना? मग झालं तर!"

"मला दया येते रे त्याची."

"आठ मारलेस तेव्हा नाही आली? खरं सांग, मारताना ती लांब किंकाळी फोडतोस, ती आता निघत नाही ना?"

"...डॉक्टर म्हणाले, आणखी ताणलंस तर आवाज कायमचा जाईल."

"मग मरू दे ड्रॅगनला. किंकाळी वहिनी फोडतील. राजकन्येची गाणी त्याच गातात ना?"

"राजकन्या कशाला किंचाळेल? ती तर सुटली."

"सुटली कुठे? आता तिला तुझ्याशी लग्न करावं लागणार."

"हिला विचारलंस?"

"कालच. तालमीची गरज नाही म्हणाल्या."