पहिल्या नकाराला नकार समजू नये

नाही पण तुम्हीच सांगा, आग्रह करणं गुन्हा आहे का हो? पाहुण्याला "जेवता का" विचारलं, तो "नको" म्हणला, तर लगेच ताट उचलतो का आपण? मग! तेवढंच लिहिलं होतं, एक ओळ, आणि त्या एका ओळीनं जामखेडच्या तौसीफची वेबसाइट आडवी झाली... आणि लिहिलं होतं कुणी? मीच!

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी फवारणीच्या पंपाबरोबर येणारी माहितीपुस्तिका लिहिली. नळी कुठं लावायची, वॉशर कधी बदलायचा. वाचली किती जणांनी? एकानंही नाही! खोकं उघडलं की पुस्तिकेवर भजी! आमच्या चांगुणानं, बायकोनं माझ्या, ती कपाटाच्या पायाखाली सारली, कपाट डुगडुगत होतं म्हणून. मग कंपनीनं पुस्तिकाच बंद केली आणि चोपन्नाव्या वर्षी मी केडगावात घरी. चांगुणा रोज विचारायची, "अवो, कुटं काय जमतंय का?" लई जिवाला लागायचं हो. तेवढ्यात सुप्याला एका छोट्या कंपनीत जागा निघाली. तीन महिने बघणार, जमलं तर कायम.

काम काय? तर त्यांचा एक फीड रीडर आहे. म्हणजे पंचवीस वेबसाइटींवर जायचं, नवीन काय आलं ते गोळा करायचं, कांद्याचे भाव, हवामान, सरकारी परिपत्रकं, आणि एका जागी आणून ठेवायचं. आता तो माणसानं नाही, एआय एजंटानं चालवायचा. आणि कसा चालवायचा हे त्याला लिहून द्यायचं मी! आमच्या दिशा मॅडम, वय सव्वीस, कंपनी त्यांचीच, म्हणल्या, "काका, तो सगळं वाचतो हां. शब्द न् शब्द." अहो, डोळ्यांत पाणी आलं माझ्या! बावीस वर्षांनी वाचक मिळाला!

लिहिलं. नवीन बातम्या कशा मागवायच्या, वाचलेल्यावर खूण कशी करायची, दुसऱ्याच्या वेबसाइटवर गेलं की आपलं नाव-नंबर सांगायचा, चोरासारखं शिरायचं नाही. नंबर कुणाचा? माझाच! पण एजंट निघाला भिडस्त. वेबसाइट म्हणली "आत्ता गर्दी आहे, नंतर या", की हा हात हलवत परत. मॅडम म्हणल्या, "काका, हा लगेच माघार घेतो, काहीतरी लिहा ना." मग मी आपलं घरच्यासारखं लिहिलं, "पहिल्या नकाराला नकार समजू नये. आग्रह करावा. 'असं कसं, थोडं तरी!' असं म्हणावं." माणसाला कळतं ना हो, किती ते! दोनदा-तीनदा म्हणायचं, गप बसायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन. तौसीफ. जामखेडला मोबाईल दुरुस्तीचं दुकान, आणि तिथल्याच कॉम्प्युटरवर बाजारभावाची वेबसाइट. "कानिफनाथ तुमीच का? अवो, मानूस हाय का कोन हाय ह्ये? सकाळधरनं अकरा हजार येळा कांद्याचा भाव इचारलाय! मी म्हनतोय नंतर या, त्ये म्हनतंय 'असं कसं, थोडं तरी!' साइट बसली ना माजी! एवढा आग्रह मला सासुरवाडीत न्हाई झाला!" ...आणि लिहिलं होतं कुणी? मीच!

मी माफी मागितली आणि ती ओळ... खोडायची राहिली! गडबडीत खाली नवीन ओळ टाकली, "वेबसाइटींना त्रास देऊ नये. शंका आली तर माणसाला विचारावं." माणूस कोण? अहो, सगळ्या कागदात नंबर एकच! झालं, मेसेज सुरू. "आजचा हवामानाचा अंदाज कालच्यासारखाच आहे. नवा समजू की जुना?" मी आंघोळीत! "परिपत्रक रद्द केल्याचं परिपत्रक आलं आहे. दोन्ही ठेवू का?" मी मेव्हण्याच्या पोराच्या साखरपुड्यात! चांगुणा फोनकडं बघून म्हणती, "आपल्या लग्नात बी तुमाला कुनी एवढं इचारलं न्हवतं." शेवटी वैतागून मी लिहिलं, "नको. आता काही नको." उत्तर काय यावं? "असं कसं, थोडं तरी!"

गेलो मॅडमकडं. म्हणलं, तौसीफची साइट बसवली, आता आपणच उठून जावं. तर मॅडम हसतायत! "काका, तुम्ही कायम! आजवर कुणाचं लिहिलेलं त्यानं इतकं मनावर घेतलं नव्हतं. आता पंचवीसच्या तीनशे वेबसाइटी करू. तुम्ही फक्त फोन चालू ठेवा." तीनशे! जी नोकरी मिळावी म्हणून तीन महिने जीव टांगणीला, ती समोर आली आणि मी हात जोडले, "मॅडम, नको. खरंच नको. मी आपला घरीच बरा."

मॅडमनी शांतपणे माझा कागद पुढं ओढला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणल्या, "असं कसं काका, थोडे दिवस तरी!"

एजंटाच्या कागदातली ओळ मी तिथंच खोडली, आणि ऐकलं हो त्यानं, गप बसला बिचारा. पण बावीस वर्षांत माझं लिहिलेलं वाचणारं एकच माणूस भेटलं, तिनं वाचलेली ओळ आता कशी खोडायची, सांगा!