चाकांवरची खोली विकायची नाही

नाही गं वर्षाराणी, पैशाचं नाही म्हणत मी. पैशाचा विषयच नको. तू म्हणशील त्या किमतीला बुद्धरत्न देईल, सकाळी फोनवर तुला हो म्हणून मोकळाही झाला, आणि मला सांगतो शिफ्टला निघताना, बूट घालत घालत. मी सांगतेय ते छपराचं. गळतं. हा कोपरा बघ, प्लाय कसा फुगलाय — हात लाव, लाव ना. आणि ॲक्सल वाकडाय. कागदपत्रं तर विचारूच नकोस. लॉकडाऊनमध्ये कंपनी बंद, वेल्डर माणसाचे हात रिकामे, मग काय, टेम्पोची भंगारातली बॉडी आणली, खाली चाकं, आत दोन बाकं, एक शेगडी, एक बेसिन — झाली चाकांवरची खोली! भाड्याच्या बोलेरोला मागे जोडून एकदा तुमच्या गावाला नेली, आणली, तेव्हापासून इथे मोशीत उभी आहे, मांजरं वितात तिच्याखाली. हसतेस काय, खरंच वितात.

तुझी कल्पना चांगलीय, तसं नाही. चाकणला कंपनीच्या गेटबाहेर पोहे, वडापाव, पहिल्या शिफ्टची पोरं तुटून पडतील. तुझ्या हाताला चव आहे, मी खाल्लंय तुझ्या घरचं पाच दिवस. पण दुसरी गाडी बघ. बुद्धरत्नच करून देईल नवी, स्टीलची, धुवायला सोपी. का म्हणजे? आता सांगितलं ना — छप्पर. ॲक्सल. — बरं, तुझ्या सासूबाईंना आवडायची म्हणून हीच हवी. हे तू मघाशी बोललीस आणि माझा चहा तिथेच गार झाला बघ.

आवडायची, हो. रतनआजी पहिल्याच सकाळी दुधाची किटली घेऊन आल्या आणि ह्या पायरीवर बसल्या. 'बया बया, नळ बी हाय!' बेसिनचा नळ चार वेळा सोडून पाहिला. आमचं आडनाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं, सरळ माझ्या कपातला चहा बशीत ओतला. मी मास्क लावून दोन हात लांब उभी, तर म्हणाल्या, 'आगं त्वांड तर दाव की, मला वळख कशी पटायची?' आणि मी — मी काढला, वर्षाराणी. मी! एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. जंतूंवर साठ पानांचा प्रबंध लिहिलेली बाई. तेव्हाच्या पिंपळे गुरवच्या फ्लॅटमध्ये वर्षभर कोथिंबिरीची काडी न् काडी सोड्यात धुणारी. दुधाची पिशवी धुवायची, मग ती धुतलेले हात धुवायचे, मग नळ धुवायचा. शेजारच्या विंगमधून ॲम्ब्युलन्स गेली की सम्यका पलंगाखाली जाऊन बसायची. तीन वर्षांचं पोर, आणि दाराची बेल वाजली की विचारायचं, 'आई, माणूस आला?' — माणूस! जसं काही वाघ आला. त्यासाठी तर निघालो होतो. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, हिला मोकळं दाखवा काहीतरी, झाड दाखवा. बुद्धरत्नचा मित्र तुझ्या नवऱ्याच्या कंपनीत, आदिनाथच्याच लाइनवर, त्याच्या ओळखीने तुमचं धरणाकाठचं रान मिळालं. कुणाच्या घरात जायचं नाही, आपलं घर आपल्याबरोबर, यापेक्षा सुरक्षित काय असणार? असं मीच म्हणत होते. हिशेब माझाच सगळा.

मार्च होता ना. एकवीसचा. दुसरी लाट नुकती वर चढत होती आणि तुमच्या गावाने वेशीवर बांबू लावले होते. बचतगटाच्या बायका पाळीपाळीने, हातात ते कपाळाला लावायचं मशीन. तूच होतीस त्या दिवशी. हिरवी साडी, वरून कुणाचा तरी पांढरा डॉक्टरी कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. बुद्धरत्नच्या कपाळाला लावलंस, सम्यकाच्या लावलंस — ती रडली नाही, मला इतकं आश्चर्य वाटलं — मग माझ्या. 'जावा ताई, शेहाण्णव.' आठवतं? मला आठवतं. शेहाण्णव पॉइंट आठ. तू पॉइंट आठ म्हणाली नव्हतीस, मी वाचलं होतं.

तुला उशीर होतोय का? साडेपाचची बस गर्दीची असते, त्याच्या आधीची बरी — बस मग. बस. काही नाही, असंच. पोरगी ट्यूशनला गेलीय, सहाशिवाय येत नाही.

काय आहे ना — बुद्धरत्नच्या कंपनीत तेव्हा एक पद्धत होती. पद्धत म्हणजे पोरांनी काढलेली. गेटवर ताप निघाला की चौदा दिवस घरी, बिनपगारी. मग ज्याचं अंग गरम, तो पाऊण तास आधी गोळी टाकायचा. साधी तापाची. गेटवर कपाळ गार. बुद्धरत्न घरी येऊन सांगायचा आणि मी त्याच्यावर ओरडायचे — माणसं मारताय तुम्ही, अक्कल आहे का, मशीनला फसवताय की स्वतःला? तासभर भाषण. आणि त्या दिवशी सकाळी उठले तर मला शंभर पॉइंट चार. खोटं नाही सांगत, बाथरूममध्ये तीनदा लावला थर्मामीटर. खाली बोलेरो उभी, सम्यका पुढच्या सीटवर, वर्षात पहिल्यांदा खिडकीची काच उघडी आणि ती रस्त्यावरच्या कुत्र्याला हात करतेय. म्हटलं, जागरणाचा असेल. म्हटलं, बांधाबांध केली, अंग शिणलंय. आपण तर लांबच राहणार. चाकणच्या पुढे गाडी पाणी भरायला थांबली, तिथे मीही तीच गोळी घेतली. बुद्धरत्नला आजही माहीत नाही. कुणालाच नाही. तूच पहिली.

मला माहितीये, लाट होती, कुठूनही आला असेल, बाजारातून, दूध डेअरीतून, आदिनाथच्या कंपनीतून. मी रोज हेच घोकते. दिवसही मोजून पाहिलेत. कधी माझ्या बाजूने निघतात, कधी नाही. आम्ही शनिवारी परत आलो, पुढच्या बुधवारी रतनआजींना ताप. सम्यकाला बोलतं केलं त्यांनी, गं. पायरीवर बसवून म्हशीचा आवाज काढायला शिकवला. तिकडे त्या ऑक्सिजनवर आणि इकडे ही घरभर हंबरतेय. मला वाटायचं, तोंड दाबावं हिचं. आणि तू त्याच खोलीत पोहे करणार. मी कशी देऊ सांग?

काय? परत बोल. — मशीन खराब होतं असं कोण म्हणालं? गावाने? नाही गं, मशीन चांगलं होतं, ते — तू नीट धरलं नाहीस म्हणून आजी गेल्या, असं? तुला? मामंजी म्हणाले? बन्सीबाबा? ते तर एवढे — कधीपासून? चार वर्षं? तुझ्या हातचं पाणी घेत नाहीत, चूल वेगळी, स्वतः भाकरी थापतात... या वयात. आणि आदिनाथ काही बोलत नाही? तोंड खाली घालून जेवतो. म्हणून तुला गावाबाहेर धंदा — अच्छा. म्हणून चाकण.

मला हे कुणी — मी कुणाला विचारलंच नाही म्हणा. फुलांचे पैसे पाठवले आणि नंबर म्यूट केला. हे चांगलं जमतं मला. मला इतके दिवस वाटत होतं, ही माझ्या एकटीच्या डोक्यातली गोष्ट आहे. माझा त्रास, माझी झोप. शिकलेल्या बायकांचं हे असं असतं बघ, अपराधसुद्धा स्वतःपुरता —

कुणाला लावतेस? वर्षाराणी, ऐक, आत्ता नको. फोनवर नको गं. मी येते ना, रविवारी येते, समोर बसून सांगते, बुद्धरत्नला घेऊन — त्याला आधी सांगावं लागेल, नवरा आहे, त्याला दुसऱ्याकडून कळलं तर — बरं. बरं, रविवार नको. पण मी काय म्हणणार? सुरुवात कशी करतात? ठेव ना क्षणभर. रिंग जातेय? तू अशी बघू नकोस माझ्याकडे, रड, ओरड, काहीतरी कर, पण अशी — दे. दे इकडे. स्पीकर राहू दे, तूही ऐक, नंतर म्हणायला नको मी काही गाळलं.

हॅलो? बन्सीबाबा, मी श्रद्धा बोलतेय. श्रद्धा... हो, तीच. हो, वर्षाराणी इथेच आहे. बरीये पोरगी, दुसरीत गेली. हो, काढते ना, अजून काढते म्हशीचा आवाज... नाही बाबा, खोलीचं नाही. दुसरं सांगायचंय. तुमच्या सुनेचं — नाही. माझं. माझं आहे. तुम्ही बसलाय ना कुठेतरी? बसा आधी. मशीन बरोबर होतं, बाबा. त्या दिवशी मी —